नानाजी कंडक्टर आणि इंगळेबाई

इंगळेबाईंचा एक नियम होता. बाहुली बोलत असली की बाईंच्या तोंडाकडे बघायचं नाही. बघितलं की बाहुली गप्प.

मला नियम कुठून माहीत असणार, मला बाईच माहीत नव्हत्या. मैत्रिणीचं लग्न आटोपून अकोटच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून हातभर उंचीचा एक म्हातारा वर आला. खाकी डगला, कापसाच्या पांढऱ्याशुभ्र मिशा, गळ्यात इवलीशी चामड्याची बॅग. त्याने मला विचारलं, "कुठं जाऊन राहिली?"

मी दचकून बाईंकडे बघितलं. म्हातारा एकदम थिजला. बाई शांतपणे म्हणाल्या, "माह्याकडे काहून पाह्यतं? नानाजी बोलून राहिले ना."

मग काय, मी नानाजींकडे बघून सांगितलं, अमरावतीला. नानाजींनी मान हलवली. "मंग इथं काहून बसली? हे तेल्हाऱ्याची गाडी लागते. तुही तिकडून सुटून गेली."

आणि खरंच सुटली होती. पुढची गाडी यायला तासभर होता, आणि त्या तासाभरात मी पोट धरून हसले. आपण एका बाहुलीशी बोलतोय हे पाचव्या मिनिटाला विसरले होते. फोन नंबर मागितला तोही नानाजींकडेच.

बाई तेल्हाऱ्याच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं पोरं शिकवली, आणि पोरं पाढ्यांना घाबरतात म्हणून बाहुल्या शिवायला लागल्या. सरकीसकट कापूस आत कोंबायचा, कारण सरकीनं बाहुलीला वजन येतं. "नुस्त्या कापसाची बाहुली हवेत पाह्यते. सरकी असली का माणसाकडे पाह्यते," असं त्यांचं शास्त्र होतं. रिटायर झाल्यावर दर रविवारी गावातल्या बुद्धविहाराच्या अंगणात खेळ. खेळ म्हणजे काय, कोणाच्या तरी घरची दोरीची बाज कुशीवर उभी करायची, तिच्यावर बाईंची निळी चादर टाकायची, मागे बाई, वर नानाजी. बाजेच्या दोऱ्या म्हणजे गाडीच्या खिडक्या. गाडीचं नाव 'अकोट-तेल्हारा विनाथांबा', आणि ती प्रत्येक बाभळीखाली थांबायची. एकीला कोंबडीचं अर्धं तिकीट पाहिजे, एकजण नवरदेवाचा फेटा विसरला म्हणून गाडी मागे घ्या म्हणतोय, आणि नानाजी सगळ्यांना पुढे सरकवतायत.

मी रविवारी अमरावतीहून जायला लागले. प्रेक्षकांत बसून फोनवर शूट करायचे आणि लोक किती जोरात हसले ते मोजायचे. बाईंना ते पटायचं नाही. "आवाज कोणीबी काढते. तू खांदे पाय. माणूस हासला का खांद्यातून हासते."

तेव्हा मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात कापडातल्या चुका शोधायच्या कामाला होते. दिवसभर चुका. म्हटलं, ह्या गाडीची टीव्हीवर मालिका का नाही होणार? तीन चॅनलना व्हिडिओ आणि सोबत पीपीटी पाठवली. बाबांना सांगितलं, नोकरी सोडतेय. बाबांनी फक्त विचारलं, बाहुल्यांसाठी? मी म्हटलं, हो, बाहुल्यांसाठी. एवढं छाती पुढे काढून मी आयुष्यात कधी काही बोलले नव्हते आणि आतून प्रचंड घाबरले होते.

दोन चॅनल गप्पच. तिसऱ्याचं उत्तर आलं की आम्हाला आवडलं! मी उड्या मारत तेल्हारा गाठलं. ओट्यावर बसून मेल मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचता वाचता माझाच आवाज खाली आला. बाहुल्या त्यांना पाहिजे होत्या. चालवणारी त्यांची माणसं, आवाज त्यांच्या कलाकारांचा, बोली सगळीकडे चालेल अशी. बाईंचं नाव शेवटी येणार, बारीक अक्षरात.

बाई शेंगा सोलत होत्या. सोलत सोलतच म्हणाल्या, "नाई म्हणून लिही."

मी चिडले. बरंच बोलले. मी नोकरी सोडली, अशी संधी परत येते का, तुमच्या हट्टापायी वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून नानाजींना काढून माझ्या हातात दिलं, पहिल्यांदाच. डगल्याच्या आतल्या बाजूला जुन्या शिलाईत एक बिल्ला टाचलेला होता, एसटीचा. नानाजी म्हणजे बाईंचे मिस्टर. अकोट डेपोला कंडक्टर होते, नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या शेवटच्या युनिफॉर्ममधून हा डगला कापून शिवला होता.

"बाकीच्या बाहुल्या नेऊ दे," बाई म्हणाल्या. "याच्यात माहाच हात जाते."

मी नाही म्हणून लिहिलं. लिहिताना रडले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर दोन महिन्यांनी, मी पुन्हा नोकरीचे अर्ज भरायला लागले तेव्हा, गप्प बसलेल्या दोघांपैकी एकाचा फोन आला. मुंबईला या, समोर करून दाखवा. अर्धा तास देतो.

तयारी माझ्यापेक्षा बाईंची जोरात. नऊ बाहुल्या, निळी चादर धुऊन इस्त्री करून, प्रवासाला दशम्या, ठेचा. सगळं नेलं. एक गोष्ट सोडून. मुंबईच्या त्या ऑफिसात पोचल्यावर बाईंनी काउंटरवरच्या मुलीला सहज विचारलं, "तुमच्याइथली बाज कुठं हाय वो?"

मुलीला कळेना. मी म्हटलं, खाट. मुलीला वाटलं आजींना चक्कर आली. तिने पळत पाणी आणलं, सोफ्यावरच्या उश्या लावून दिल्या, डॉक्टरला बोलवू का म्हणाली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. एवढी वर्षं खेळ केला पण बाज कधी घरून न्यावी लागली नव्हती. कोणाच्याही घरी असतेच. ती इथे नसेल हे बाईंच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही, आणि मी तर पीपीटीवाली!

टेबलामागे लपू म्हटलं तर टेबल काचेचं. भिंत काचेची. दारसुद्धा काचेचं. त्या अख्ख्या ऑफिसात एका माणसाला लपायला जागा नव्हती. साहेब येऊन बसले, सोबत त्यांच्या एक मॅडम वही घेऊन. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी चादर हातात धरून उभी, दोन्ही हात वर करून पडदा व्हायचा प्रयत्न करत होते.

बाईंनी माझ्या हातातून चादर घेतली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. साहेबांच्या समोर, सगळ्यांना दिसेल अशा बसल्या आणि नानाजी वर आले.

"पुढे सरका. ओ चष्मेवाले, पुढे सरका. मागे सात बाया आन् एक बकरी हाय."

साहेबांनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. नानाजी थिजले. एक सेकंद, दोन सेकंद. मला वाटलं संपलं. बाई हळूच म्हणाल्या, "माह्याकडे काहून पाह्यता साहेब? ते बोलून राहिले ना."

साहेब ओशाळले, नानाजींकडे वळले. आणि मी, ज्या मुलीनं आवाज मोजण्यात दोन वर्षं घालवली होती, ती त्यांचे खांदे बघत राहिले. कोंबडीच्या अर्ध्या तिकिटाला काही नाही. फेट्याला थोडं. बाभळीखाली गाडी थांबली आणि नानाजी ड्रायव्हरला समजवायला खाली उतरले तेव्हा साहेबांचे खांदे गदगदा हलत होते आणि तोंडातून आवाजच निघत नव्हता. वहीवाल्या मॅडमनी वही कधीच खाली ठेवली होती.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. शेवटी साहेब डोळे पुसत म्हणाले की बोली अशीच ठेवू, हिच्यातच गंमत आहे. मग चष्मा परत चढवत, "पण रोजचं शूटिंग जड जातं या वयात. आमच्याकडे तरुण मुलं आहेत हात चालवायला. चालेल ना, नानाजी?"

त्यांनी हे बाईंना विचारलं नव्हतं. नानाजींना विचारलं होतं! हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं.

नानाजींनी मान खाली घातली. आपल्या डगल्यात वाकून बघितलं, बाईंच्या मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत. बराच वेळ बघितलं. मग वर होऊन म्हणाले, "साहेब, माही ड्रायव्हर बदलली त मी गाडीत बसत नसतो."

मग साहेबांनी उठून नानाजींचा इवलासा हात दोन बोटांत धरला आणि म्हणाले, नाही बदलणार.

तेरा भाग ठरले. शूटिंग अकोल्यातच, एका मंगल कार्यालयात, लग्नाच्या तारखा सोडून. पहिल्या दिवशी चॅनलनं स्टीलचा झकास स्टँड पाठवला. बाईंनी तो कपडे वाळवायला दिला आणि तेल्हाऱ्याहून बाज मागवली. टेम्पोत बाजेसोबत माझे बाबा बसून आले, दोरी सैल होऊ नये म्हणून.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी सात वाजता आम्ही बाईंच्या घरी. दारात चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांवर पोरं, अकोट डेपोचे जुने चार कंडक्टर पुढच्या रांगेत. पडद्यावर खाकी डगला वर आला. "पुढे सरका." आणि ते चार म्हातारे, खरं सांगते, बसल्या जागी पुढे सरकले.

घर हसत होतं. मी मात्र टीव्ही सोडून बाईंकडे बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता, नानाजींबरोबर, आणि डोळे भरले होते.

बाईंनी टीव्हीवरची नजर न काढता माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड पडद्याकडे फिरवलं.

"माह्याकडे काहून पाह्यतं? ते बोलून राहिले ना."