ताटांवर लिहिलेले आकडे

फ्रीगंजच्या बाजारातून माझ्या धाकट्या मुलाचा फोन आला तेव्हा बाहेरच्या खोलीत सुनीताचे विद्यार्थी येऊन बसलेले. सुनीता माझी मोठी सून. तिथंच चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही... मुलांना काय सांगावं कळेना. मी पंखा लावला आणि आत येऊन बसले.

माझा मोठा मुलगा गेला तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती. माहेरचे न्यायला आले, गेली नाही. माधव नगरच्या ह्या घरात मी पापड लाटायची, ती कॉम्प्युटर शिकवायची. सी म्हणून काही भाषा आहे त्याची. मी दोन यत्ता शिकलेली, मला काय समजणार! पण भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, त्यावर माझा हात चालायचा.

एकदा ती माझी ताटंच उचलून घेऊन गेली. मी मागे गेले, "अगं, जेवायच्या ताटांवर खडू?"

"धुवून देते हो आई! ह्या पोरांच्या टाळक्यात शिरतच नाहीये."

म्हणे, मशीनला चारशे सात म्हणजे नुसती रक्कम. पडद्यावर दाखवायची तर एकेक अंक सुटा काढून त्याचं अक्षर करावं लागतं. दहानं भागत गेलं की मागचा अंक आधी हाती येतो. सात निघाला, तो एका ताटावर लिहिला, ते ताट खाली ठेवलं. त्यावर शून्याचं, त्यावर चारचं.

एक मुलगी बोलली, "दीदी, ये तो उल्टा हो गया!"

"तो ऊपर से उठाओ ना, महारानी!"

वरून उचलून ओळीनं मांडली तर चार, शून्य, सात. शेवटी तिनं एक कोरं ताट ठेवलं. ते नसलं तर कुठं थांबायचं मशीनला कळत नाही, पुढचं काहीबाही वाचत सुटतं म्हणे. पोरं हसली. मीही हसले... किती दिवसांनी.

तेरावं झालं तसा धाकटा म्हणाला, "आई, नानाखेड्याला माझ्याकडे चल. हे घर किरायानं देऊ. इथे कोण आहे तुझं?" बरोबर आहे त्याचं. एकटीनं राहायचं वय नाही माझं. बोचकं बांधलं मी. तर ती 'उल्टा' म्हणणारी मुलगी दारात, मागे बाकीची. "अम्माजी, परीक्षा है. यहीं बैठकर पढ़ लें?"

बोचकं सोडलं. धाकट्याला म्हटलं, तू जा, मी इथंच बरी.

आता मुलं एकमेकांना शिकवतात. घसा सुकला की सुनीता भिंतीवर थाप मारायची, चहा पाहिजे म्हणून. ही मुलं मारत नाहीत. मी आपली आधण ठेवते, आणि चहा टाकायच्या आधी भिंतीकडे कान देऊन जरा थांबते...