आत्यानं धुतलेला फोटो

माझं लग्न माझ्या ज्या फोटोवरून ठरलं, त्यात मी नव्हते.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आम्ही काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहत होतो. वडील, म्हणजे नाना, पाठशाळेत वेद शिकवायचे. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा भाऊकाका, काहीच शिकवत नसे. त्यानं कॅमेरा घेतला होता. ग्वाल्हेरच्या एका स्थळाकडून निरोप आला, की आधी मुलीचा फोटो पाठवा, पसंत पडला तर येऊ. मी सतरा वर्षांची. आमच्यात हे वय म्हणजे शिळं झालेलं. वैशाख संपत आला होता, मुहूर्तही संपत आले होते, आणि आधीची तीन स्थळं मला प्रत्यक्ष बघून परत गेली होती. तेव्हा निदान पहिली पसंती फोटोवर होत असेल, तर नानांना हवंच होतं.

भाऊकाकानं मला गच्चीत स्टुलावर बसवून फोटो काढला. मग कोळशाच्या खोलीत अंधार करून काच औषधांतून काढली आणि वाळत ठेवली. इथवर ठीक होतं. पण त्याला ज्ञान सांगायची सवय. जेवताना तो म्हणाला, की या काचेवर जो थर असतो, तो जनावरांच्या हाडांच्या सरसाचा असतो.

आमची आत्या तिथंच पानांत वाढत होती. ही नानांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, आणि सोवळ्यात इतकी कडक की सरपणसुद्धा धुऊन चुलीत घालायची (ते पेटायचं नाही, हा वेगळा विषय). दुपारी सगळे झोपल्यावर तिनं गच्चीतल्या उन्हात तापलेलं गंगेचं पाणी घेतलं आणि ती काच मंत्र म्हणत धुतली. वर तळहातानं चोळलीही. वैशाखातलं ते पाणी, त्यात तो सरस! माझं नाक डावीकडे गेलं, साडी वर आली, आणि बाकीची मी वितळून काठाला जमा झाले.

संध्याकाळी भाऊकाकानं कागदावर छाप काढला. जे उमटलं ते पाहून तो दुसरी काच शोधू लागला. काचा संपल्या होत्या. फोटो घेऊन ग्वाल्हेरला जाणारे गृहस्थ दारात उभे होते आणि नाना हाका मारत होते. थोरल्या भावाला तो वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. त्यानं छाप पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि सांगितलं, "दादा, उघडू नका, अजून ओला आहे."

थोड्याच दिवसांत कार्ड आलं. फोटो पाहिला, मुलगा आणि त्याची आई येत आहेत. नाना खूष. भाऊकाकाला जेवण जाईना.

मुलगा शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. आल्या आल्या त्यानं फोटो मांडीवर ठेवला आणि तो कोणी काढला म्हणून विचारलं. ही अमूर्त कला आहे, म्हणाला. नानांनी फोटो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांना वाटलं, मुलगा दुसऱ्याच कुणाचा फोटो घेऊन आलाय.

मुलाची आई मात्र सरळ बाई होती. "यात मुलगी कुठं आहे, ते दाखवा," ती म्हणाली.

"दाखवू नका," मुलगा म्हणाला. "ओळखू आली की संपलं. मग तो नुसता फोटो."

त्याचं म्हणणं असं, की बघताच अमुक वस्तू आठवली तर ती नक्कल. कशाचीच आठवण न होता नुसता उजेड आणि काळोख बघत राहावंसं वाटलं, तर ती कला. म्हणजे मी सापडले तर मुलगा उठणार, आणि नाही सापडले तर आई उठणार. नाना आढ्याकडे बघू लागले. मुलानं पुढे हेही सांगितलं, की नुसतं बिघडून चालत नाही, जाणूनबुजून केलेलं लागतं. त्यावर भाऊकाका ताठ बसून म्हणाला, की मी मुद्दामच तसा काढला. "मग आता माझ्यासमोर एक काढा," मुलगा म्हणाला. भाऊकाका पुन्हा वाकला.

मी लाडवांचं ताट घेऊन आत गेले तेव्हा मुलाची आई एका डागावर बोट ठेवून विचारत होती, "हे मुलीचं नाक का?" डाग वांग्याएवढा होता. मला राहवलं नाही.

"मी यात कुठंच नाही," मी म्हटलं. "होते, पण आत्यानं काच धुतली. हाडांचा सरस होता म्हणून."

नानांनी डोळे मिटले.

"काच धुतली? कशानं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"गंगेच्या पाण्यानं. सोवळ्यात."

बाईचा चेहराच पालटला. इतकं पाळणारं घर हल्ली कुठं मिळतं, म्हणाली. मुलगा मात्र हिरमुसला. चुकून झालेलं त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. दाराआड आत्या उभी होती, तिला त्यानं विचारलं, "आत्याबाई, हे तुमच्या हातून चुकून झालं ना?"

आत्याला फार लागलं. "माझ्या हातून चुकून काही होत नाही," ती म्हणाली. "थेंबन्‌थेंब समजून ओतलाय. चोळलंय तेही समजून."

मुलगा उठला आणि तिच्या पाया पडला.

होकार तिथल्या तिथं मिळाला. आईला सोवळं पसंत पडलं, मुलाला चित्र पसंत पडलं. दोन्ही आत्याचं. पण आत्या साठीला आलेली, त्यातून विधवा. मग माझ्याशी उरकलं.