पाच एचपीची केबल आणि आबांची श्रद्धांजली

"हमीदभाई, उद्या सकाळी माझी श्रद्धांजली हाय. त्याच्या आत ह्यो डबा नीट करा."

शनिवारी दुपारी लासुर्ण्याचे आबा माझ्या बारामतीच्या दुकानात आले आणि काउंटरवर पॉवर सप्लाय ठेवून एवढंच बोलले. त्याच डब्याची ही तिसरी खेप होती. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. एमआयडीसीतल्या नोकरीत मी मशीनचे सप्लाय दुरुस्त करत आयुष्य घालवलं, निवृत्तीनंतर हे दुकान टाकलं. एकदा माझ्या हातून गेलेला माल परत येत नाही, असा माझा तोरा आहे. आबांचा डबा तो तोरा उतरवायला टपलेला होता.

आबा हॅम आहेत. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून घरच्या रेडिओवरून लांबलांबच्या माणसांशी बोलतात. ऐकायचंही आणि बोलायचंही. त्यांचे वडील मेंढरं घेऊन माळ तुडवायचे. "बा हाळी मारायचा, पल्याडच्या टेकडीवरनं उत्तर यायचं. मी तेच करतोय, फकस्त तार बांधून," असं आबा सांगतात. रोज सकाळी राज्यभरातले पंधरा-वीस हॅम रेडिओवरच एका ठिकाणी जमतात. त्याला नेट म्हणतात. कोकणातले एक निवृत्त गुरुजी हजेरी घेतात आणि मग सगळे पाऊसपाणी, सांधेदुखी असल्या राष्ट्रीय प्रश्नांवर बोलतात.

पंधरवड्यापूर्वी आबा नेटवरून एकाएकी गायब झाले. तेव्हापासून रेडिओला सगळ्यांचं ऐकू यायचं, पण बोलायला माइकचं बटण दाबलं की रेडिओ बंद. गुरुजी रोज हाका मारायचे, आबा रोज ऐकायचे, उत्तर देता येत नव्हतं.

"मग फोन करायचा की त्यांना," मी म्हणालो.

"त्यांचेच येत्यात. मी उचलत न्हाय."

"का?"

"मीच नेटवर म्हणलो होतो, मोबाइलचे समदे टॉवर पडले तरी लासुर्णं बोलत ऱ्हाईल. आता फोनवर बोलू? कुठल्या तोंडानं?"

मोडेल पण वाकणार नाही, असला हा गडी. फोन उचलला जात नाही म्हटल्यावर गुरुजींनी निघायचा तोच अर्थ काढला. उद्या रविवार, सगळे हजर असतात, तेव्हा आबांना श्रद्धांजली वाहायची असं आज सकाळी ठरलं. ठरताना आबा ऐकत होतेच.

मला हसू आलं, पण आबांचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्यांचे डोळे भरले होते. "गुरुजी रडत हुते हो," ते म्हणाले.

पॉवर सप्लायचं काम साधं असतं. घरातल्या दोनशे तीस व्होल्टचे पावणेचौदा व्होल्ट करायचे आणि रेडिओला द्यायचे. नुसतं ऐकताना रेडिओ एक-दीड अँपिअर खातो. बोलताना वीस. म्हणून मी सप्लाय कधी मोकळा, म्हणजे लोड न लावता, तपासत नाही. माझ्याकडे पाटावर ट्रॅक्टरचे चार हेडलाइट बसवलेले आहेत. ते लावले की डब्याला खरा घाम फुटतो. दोन्ही खेपांना डबा पास झाला होता. दुसऱ्या खेपेला मी केवळ आबांच्या समाधानासाठी आतला पंखाही बदलला. आज आबांनी रेडिओही सोबत आणला होता. दोन्ही जोडले, बटण दाबलं. व्यवस्थित चाललं.

"दोष इथं नाही, तुमच्या घरात आहे," मी म्हणालो. "सकाळी येतो."

रविवारी मी पोचलो तेव्हा नेट सुरू झालं होतं. माजघराच्या कोपऱ्यात रेडिओ, समोर आबा, मागे कमरेवर हात ठेवून मावशी, म्हणजे आबांची मंडळी. रेडिओतून कुणीतरी आबांच्या दिलदारपणाबद्दल बोलत होतं.

"कुणाबद्दल बोलत्यात?" मावशींनी विचारलं.

"माझ्याबद्दल."

"ह्ये दिलदार?" मावशी म्हणाल्या आणि मन लावून ऐकू लागल्या.

मी रेडिओच्या पाठीमागे मीटर लावला. साडेतेरा. ठीक. "आता बटण दाबा." आबांनी दाबलं आणि आकडा दहाच्या खाली कोसळला. रेडिओ गेला. मी पाठीमागची वायर हातात घेऊन तिच्यामागे निघालो. ती खिडकीतून बाहेर पडली, पत्र्याखालून गेली, अंगण ओलांडलं आणि गोठ्यात शिरली. तिथं गव्हाणीच्या वर, फळीवर, पॉवर सप्लाय बसला होता. खाली म्हैस रवंथ करत होती.

"हा इथं कसा?"

"त्याचा पंखा माशीवानी भुणभुण करतोय," मावशी दारातून म्हणाल्या. "दुपारचा डोळा लागत न्हाय. पंधरा दिस झालं, दिला भायेर काढून."

"आणि ही वायर?"

"बोअरच्या मोटरीची उरल्याली केबल," आबा अभिमानाने म्हणाले. "अस्सल तांबं हाय. हिच्यावर पाच एचपीची मोटर चालती तीनशे फुटावर. ह्यो एवढासा रेडिओ चालायचा न्हाय व्हय?"

आमच्या ऊसपट्ट्यात मोटरीच्या उरलेल्या केबलीवर लोकांची श्रद्धा असते. तिच्यावर कपडे वाळतात, तिनं फाटक बांधतात, लग्नाचा मांडव उभा करतात. ती चुकेल असं कुणाच्या मनात येत नाही, म्हणून आबांनीही मला कधी सांगितलं नव्हतं.

"आबा, मोटरीला चारशे व्होल्ट असतात. तिला सात-आठ अँपिअर पुरतात. इथं व्होल्ट पावणेचौदा, म्हणून अँपिअर वीस. व्होल्ट कमी तेवढी वायर जाड लागते. ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर केवढी असते?"

आबांनी अंगठा वर केला, त्याच्याकडे बघितलं, मग केबलीकडे बघितलं. लांबलचक केबल वाटेतच चार-पाच व्होल्ट खात होती. डबा निर्दोष होता. तोराही शाबूत राहिला.

उपाय सोपा होता. डबा रेडिओशेजारी ठेवायचा आणि त्याची मूळची आखूड, जाड वायर लावायची. पण त्यासाठी मावशींची परवानगी लागणार होती. आम्ही माजघरात परतलो, मी रेडिओ पुन्हा सुरू केला. गुरुजींचा आवाज येत होता. "आमची ही गेल्यावर मी रेडिओ बंद करणार होतो. आबा रोज सकाळी हाक मारायचे. उत्तर द्यायला तरी उठावं लागायचं. असा मी उठत गेलो."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "आणा त्यो डबा घरात," त्या म्हणाल्या.

मी डबा आणला, वायर आवळली, रेडिओ लावला. मीटरकडे बघत म्हणालो, "दाबा."

आबा दाबेनात. "थांबा की जरा. गुरुजींचं हुं द्या."

"आबा, आता शांतता पाळतील."

गुरुजींचा आवाज फाटला. पुढचं वाक्य त्यांना बोलता येईना. तेव्हा आबांनी बटण दाबलं. आकडा जागचा हलला नाही.

"गुरुजी, लासुर्णं हजर हाय."

मग गुरुजी कडाडले, "मेल्या, फोन उचलायला काय झालं होतं तुला? पंधरा दिवस झोप नाही आम्हाला." त्यांच्यामागून एकेकानं आबांना धुऊन काढलं. मघाशी दिलदार म्हणणारा आता हेकट म्हणत होता. आबांचा चेहरा असा फुलला होता की मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

मी मीटर पिशवीत टाकला. या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकलोय. लोड नसतानाचं व्होल्टेज आणि माणूस गेल्यावरचं कौतुक, दोन्ही दिसायला झकास असतात. खरं काय ते बटण दाबल्यावर कळतं.