खारट पापड

“एकदा केमो घेऊन झालं ना? मग आता हे दुसरं कशाला?” उल्हासनगरच्या त्या डे-केअर वॉर्डात बाबा नर्सला हळूच विचारत होते आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालून ऐकत होते. कुठे पापड भाजल्याचा वास आला की मला ती सकाळ आठवते. बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता. पहिल्या केमोला तो दाद देईनासा झाला, म्हणून हे दुसरं औषध सुरू केलं होतं. आजच्यानंतर मी येणार नाही, असं त्यांनी अंबरनाथहून निघताना रिक्षातच सांगून टाकलं होतं. तोंडाची चवच गेलीय, घास पुठ्ठ्यासारखा लागतो, तर औषध कशाला घ्यायचं? शेजारच्या खाटेवरच्या सिंधी काकांची बायको घरचे पापड भाजून आणायची. सिंधी रीतीप्रमाणे आल्यागेल्याला पाण्यासोबत पापड दिल्याशिवाय तिला चैनच पडत नसे; त्या दिवशी तिने बाबांपुढेही एक धरला. खायला हरकत नाही म्हणून नर्सने मान डोलावली, तेव्हा बाबांनी भिडेखातर एक तुकडा मोडला. चावता चावता थांबले. “बाई, मीठ जास्त झालंय हो.” “मीठ? मेरे पापड में?” काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पूरा कॅम्प, पूरी बस्ती खाती है, कोई नहीं बोला!” बाबांनी उरलेला पापडही तोंडात टाकला. “खारटच आहे,” म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. “ठीक है, अगली बार कम डालूंगी. लेकिन आओगे ना?” बाबा माझ्याकडे बघू लागले. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही, अजूनही नाही, पण तेव्हा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा मी म्हणाले, “येणार काकू, आम्ही नक्की येणार!”