बॅटरीची पूजा

आमच्या बाबांना सगळी खांदा कॉलनी ‘सेफ्टीवाले’ म्हणायची. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात त्यांची नोकरीच ती होती, पण घरी आल्यावरही ड्यूटी संपत नसे. गॅसची नळी रोज तपासायची, आईने ओल्या हाताने मिक्सरला हात लावला की घर डोक्यावर घ्यायचं. ताईने पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा फी किती ठेवणार हे विचारायच्या आधी त्यांनी बॅटरी कुठे ठेवणार ते विचारलं.

वीज सारखी जायची. म्हणून यूपीएस आला आणि त्याला ट्रकला असते तसली ॲसिडची भलीमोठी बॅटरी. तिच्यावरची इंग्रजी सूचना बाबांनी मराठीत लिहून भिंतीवर डकवली: चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, जवळ आग नको. मामा नुसती विडी कानावर अडकवून आला तरी त्याला जिन्यात पिटाळत.

मुलांचे पाय लागू नयेत म्हणून बाबांनी बॅटरीला सागवानी पेटी केली. रंधा मारून झाकण असं बसवलं की आत मुंगी शिरेना आणि आतला वायू बाहेर पडेना. कारखान्यात कुणी असली पेटी आणली असती तर त्यांनी ती उभ्याउभ्या परत पाठवली असती. लेकीसाठी करताना माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

दसऱ्याला सकाळभर वीज नव्हती. ती आली, बॅटरी चार्ज व्हायला लागली आणि थोड्या वेळाने आईने पूजेचं ताट आणलं. कॉम्प्युटरला कुंकू लागलं, प्रिंटरला झेंडूची माळ पडली.

“बॅटरी राहिली की,” बाबाच म्हणाले. “खरी राबते ती.”

ताई एका हातात ताट घेऊन वाकली आणि दुसऱ्या हाताने तिने झाकण उचललं. ताटात निरांजन तेवत होतं. बाबा शेजारीच हात जोडून उभे होते. विडी म्हणजे आग, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. निरांजनाला आग म्हणायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

धडाका झाला आणि ॲसिड ताईच्या तोंडावर उडालं. बाबांनी तिला मोरीत ओढलं, बोटांनी पापण्या उघड्या धरल्या आणि नळ सोडला. “बाबा, सोडा ना!” ती किंचाळत होती. त्यांनी सोडलं नाही. त्या पाण्याने उजवा डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. डावा गेला.

ताईने क्लास पुन्हा सुरू केला. नवी बॅटरी बाबांनी गॅलरीत उघड्या हवेत ठेवली आणि पेटी कुऱ्हाडीने फोडली. कुणी ‘सेफ्टीवाले’ अशी हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करत. “तुमच्यामुळे एक तरी राहिला,” ताई म्हणायची, तेव्हा ते उठून जात.

जेवायला ते तिच्या डाव्या हाताला बसू लागले. मला वाटलं, सहज बसत असतील. एकदा मी वाढायला वाकले, तर ताटाकडे बघत ते आवाज न करता रडत होते. तिला दिसू नये म्हणून त्यांनी ती बाजू धरली होती.

ताईने मान वळवली नाही. डाव्या हाताने चाचपत तिने त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

“बाबा, भात घ्या की थोडा,” ती म्हणाली.