बेबीकाकूची स्पॅनिश

करडी गावात संध्याकाळी बेबीकाकूच्या अंगणातून "आग्वा म्हंजे पानी, लेचे म्हंजे दूध" असा गलका उठला की नवखा माणूस सायकल थांबवून बघायचा. मधोमध पदर खोचून काकू टाळ्या वाजवतेय, भोवती गावची पोरं उड्या मारतायत. ओळखीचे लोक जाता जाता विचारायचे, "बेबीबाई, आमच्या पोट्ट्याईले स्पेनले नेता का?" काकू म्हणायची, "पयले नाक पुसाले शिकवा, मंग पाहू."

काकूचा जन्म अंगणवाडीत गेला. तिची एकुलती एक लेक सुजाता शिकायला स्पेनला गेली, तिथेच लग्न केलं आणि तिथेच आजारात गेली. काकूला तिचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. उरली नात लूसिया, तीही फोनच्या काचेत. सुजाता होती तोवर आजीची मराठी आणि नातीची स्पॅनिश इकडून तिकडे करायची. आता दोघी नुसत्या बघत बसत, आणि पोरगी कंटाळून उठून जाई. "बोली तुटली तं नातं तुटते, बाई," काकू मला म्हणाली. मी शेजारीण आणि शाळेतली बाई; जावयाशी मोडक्या इंग्रजीत मीच बोलायची.

स्पॅनिश शब्द मी फोनवर शोधून देई, पण एकटीनं घोकून ते काकूच्या डोक्यात राहीनात. "गान्यात बसवलं का इसरत नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. म्हणून तिनं पोरं गोळा केली. शिवाय जावयानं सुट्टीत लूसियाला आणायचं कबूल केलं होतं. "इथं एकटी पडन ते. तिच्या बोलीत खेलाले पोट्टे पायजेत."

पोरांचा लाडका खेळ एकच. काकू ओरडे, "तुमसरचा बाजार?" पोरं "किएरो इर!" म्हणजे 'जायचंय' म्हणत पुढे उडी घेत. "शाळा?" म्हटलं की "नो किएरो इर!" करत सगळी मागे. आणि मी तिथेच बसलेली!

सुट्टी जवळ आली तसा जावयाचा फोन आला. काकूनं पोरं रांगेत उभी केली. त्यांनी जीव तोडून गाणं म्हटलं. लूसिया हसली नाही. बापाकडे वळून हळूच म्हणाली, "नो किएरो इर."

रांगेतली पोरं एकदम काकूकडे बघू लागली. जावयाला वाटलं, सासूला काय कळणार; तो मला इंग्रजीत रजा मिळत नसल्याचं सांगू लागला. मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर काकूनं माझा हात घट्ट दाबला. फोन बंद होईपर्यंत ती नातीकडे बघून हसत होती.

मग भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. "सुजे, तुही पोरगी येत नाही वं!" मीही रडले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. म्हणाली, "नाही म्हनली तं म्हनली. पन बाई, माही नातीन बोलली अन् मले समजलं. तुले इचारा नाही लागलं."