बाळंतघरचा विस्तव

मी हट्टी माणूस. देवाशीही हट्टानेच वागत आलो, हे आधीच कबूल करतो.

लढाईच्या दिवसांत सातपुड्यातल्या एका उंच खोऱ्यात विमाने उतरण्यासाठी छोटी धावपट्टी केली होती. तिची रखवाली माझ्याकडे होती. विमानाचा आवाज आला की ओल्या पाल्याचा धूर करायचा, म्हणजे वैमानिकाला पट्टी कुठे आहे आणि वारा कुठून आहे ते कळे. तीन बाजूंना कडे होते; धूर नसला तर गाठ मरणाशीच. त्या श्रावणी सोमवारी तापीकाठच्या प्रकाशा गावी केदारेश्वराच्या दर्शनाला जाता आले नाही, म्हणून खोपटात महादेवाच्या तसबिरीपुढे दिवा लावला. वाऱ्याने विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. मी इरेला पेटलो आणि पेटीतल्या उरलेल्या सगळ्या काड्या संपवल्या. दिवा काही टिकला नाही, आणि नेमकी ढगांत घरघर ऐकू आली.

अरे देवा, काय करून बसलो मी! धावत सुटलो. जवळ पावरा आदिवासी कुटुंबाची एकच झोपडी होती. दारातल्या म्हातारीकडे विस्तव मागितला, तर तिने नाही म्हणून कारण सांगितले. सून दोन दिवसांची बाळंतीण होती. अशा वेळी चुलीतला विस्तव घराबाहेर दिला तर बाळाला बाधतो, असा त्यांचा नेम. आणि तिचे आधीचे दोन नातू दगावलेले. हे ऐकल्यावर पुन्हा मागणे मला योग्य वाटेना. मी माघारी वळलो. तेवढ्यात विमान अगदी डोक्यावरून गेले. म्हातारीने वर पाहिले, आत गेली आणि खापरात निखारे घेऊन आली. बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "तो बी कोनी तरी मायना पोऱ्या शे. लई जाय," आणि खापर माझ्या हातात दिले.

धूर झाला, विमान उतरले. वैमानिक चिखलातच मटकन बसला आणि ढसाढसा रडला.

माझा जीव मात्र त्या बाळात अडकला होता. रोज झोपडीजवळ जायचो, रडणे कानी आले की हायसे वाटायचे. माझ्या चुकीचे फळ त्या लेकराला देऊ नकोस, एवढेच केदारेश्वराला मागत होतो. महिन्याभराने म्हातारीने ते गुटगुटीत बाळ माझ्या मांडीवर दिले. मी विचारले, त्या दिवशी भीती नाही वाटली?

"वाटनीच तर," ती म्हणाली. "पन बाळले देवना हवाली करी दिनं."

इतकी वर्षे उपास केले, पण देवावर भार टाकणे म्हणजे काय ते मला त्या झोपडीत कळले. बाळाला छातीशी धरून मी तिच्या पायांवर डोके ठेवले.